रेणू ते पाडा



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या या विज्ञान संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी तुम्हा सर्वांचा ऋणी आहे. माहुली आणि सिद्धगड यांच्या सावलीतली ही भूमी आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून बोलायला सुरुवात करतो.

रेणवीय जीवशास्त्र आणि मटेरियल सायन्स या दोन शास्त्रांनी गेल्या काही वर्षांत विलक्षण वेग घेतला आहे. पहिले शास्त्र पेशीतल्या रेणूंचा व्यवहार उलगडते, तर दुसरे हव्या त्या गुणांचे पदार्थ अणूंच्या पातळीवर रचते. रसायनशास्त्राचे २०२४ चे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. प्रथिनांची रचना संगणकावर ओळखण्याचे आणि निसर्गात नसलेली प्रथिने घडवण्याचे हे काम होते. २०२५ चे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र चौकटींसाठी मिळाले. या सगळ्याचा आढावा घेत बसलो, तर दिवस पुरणार नाही. मी आज प्रत्येक शोधाला एकच प्रश्न विचारणार आहे. हा शोध डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या परिसरातल्या पाड्यावर पोहोचला, तर तिथल्या माणसाचे काय बदलेल? आणि पोहोचत नसेल, तर नेमके कुठे अडते?

सुरुवात सर्पदंशापासून करतो. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईला, भाताचे भारे उचलणाऱ्या गड्याला, पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या मुलाला साप चावतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली आणि निम्म्याच्या आसपास तिशी ते सत्तरीच्या दरम्यानची, घर चालवणारी माणसे होती. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत बसवले ते थेट २०१७ मध्ये. ज्यांना साप चावतो त्यांचा आवाज किती लांबून ऐकू येतो, हे त्या सालावरून कळते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात असा रुग्ण आला की एक अगदी साधी चाचणी करतात. दोनेक मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. मग ती एकदाच कलती करायची. गाठ धरली असेल तर तूर्त धीर धरता येतो. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरश्याचे विष अंगात भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. एवढ्या साध्या चाचणीत दोन्ही शास्त्रे एकत्र आली आहेत. घोणशीच्या विषातली प्रथिने रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकांना विनाकारण चेतवतात. शरीरभर बारीक बारीक गोठणे सुरू होते, त्यात गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन संपून जाते, आणि मग जखम वाहू लागली तरी रक्त गोठत नाही. हे झाले रेणूंचे काम. आता नळीकडे पाहा. ती काचेचीच का? काचेच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, आणि त्याच्या स्पर्शाने रक्तातला बारावा घटक जागा होऊन गोठण्याची साखळी सुरू करतो. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला ते नीट जमत नाही. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठणार नाही आणि निदान चुकेल. पृष्ठभागाचे हे शास्त्र ज्या परिचारिकेला ठाऊक आहे, ती हाताशी प्लॅस्टिकची नळी असतानाही काचेचीच मागून घेईल. विज्ञान पोहोचणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

नाग आणि मण्यार यांच्या विषाची तऱ्हा वेगळी. त्यांतली काही छोटी प्रथिने मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथल्या ग्राहींवर जाऊन बसतात. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत जात नाही. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येईनासे होते, मग श्वास मंदावतो. मण्यार तर रात्री झोपेत चावते. दंशाची खूण दिसत नाही, दुखत नाही, आणि पहाटे पोटात दुखते म्हणून घरचे ओवा देत बसतात. या प्रथिनांना निकामी करण्याचे आजचे साधन म्हणजे घोड्यांच्या रक्तातून मिळवलेले प्रतिविष. मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. घोड्याला विषाची अल्प मात्रा देत जायचे आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे काढून घ्यायची. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर बनते. ते लाखोंचे प्राण वाचवत आले आहे. पण ते परक्या प्राण्याचे प्रथिन असल्याने काही रुग्णांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, आणि एकेका रुग्णाला दहा-दहा कुप्या द्याव्या लागतात.

नवे संशोधन इथेच येऊन भिडले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने मिळून एक मानवी प्रतिपिंड प्रसिद्ध केले. शरीरातल्या ज्या ग्राहीवर विष बसते, त्या ग्राहीसारखाच पृष्ठभाग ते प्रतिपिंड विषापुढे धरते, आणि विष त्यालाच चिकटून राहते. नाग, मण्यार आणि मांबा या कुळांतल्या एकाच प्रकारच्या विषरेणूंवर ते उंदरांमध्ये प्रभावी ठरले. जानेवारी २०२५ मध्ये बेकर यांच्या गटाने अशाच विषरेणूंना पकडणारी इवली प्रथिने संगणकावर रचली. तीही उंदरांमध्ये यशस्वी ठरली. अशी प्रथिने सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेता येतात, त्यासाठी घोडा लागत नाही.

यात ‘उंदरांमध्ये’ हा शब्द मी मुद्दाम दोनदा उच्चारला, कारण उंदरांवरचे यश म्हणजे माणसांवरचा पुरावा नव्हे. शिवाय घोणस आणि फुरश्याच्या विषावर यांतल्या कशाचाही उपयोग नाही. मण्यारीच्या विषातला दुसरा एक घटक मज्जातंतूंची टोकेच निकामी करतो. तिथे कृत्रिम श्वासोच्छ्वास हाच आधार, आणि तो दिवसेंदिवस द्यावा लागतो. तेव्हा आज रात्री कुणाला साप चावला, तर उपाय तोच: दंशावर चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचे नाही, अवयव हलवायचा नाही आणि तडक रुग्णालय गाठायचे. ज्या भगताकडे माणसे विश्वासाने जातात, त्यालाही हे समजावून सांगून सोबत घ्यायला हवे. त्याने ‘आधी दवाखान्यात ने’ एवढे म्हटले, तर तासभर वाचतो, आणि सर्पदंशात तास म्हणजे आयुष्य.

आता अडते कुठे ते पाहू. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. या आदिवासी बांधवांचे देशावर मोठे उपकार आहेत. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, हे सुनगर यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. मग सह्याद्रीच्या या उतारावरच्या घोणशीचे विष कसे आहे? चेन्नईजवळच्या घोणशीच्या विषावर बनलेली कुपी इथे किती पुरी पडते? हा प्रश्न मुरबाडचा आहे, आणि तो मुरबाडनेच विचारायला हवा. माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुक्यातले नारायणगाव लागते. तिथे प्रतिविष बनवणारी कंपनी आहे, आणि तिथेच डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाचे उपचार आणि लोकशिक्षण यांत मोठे काम उभे केले आहे. ज्ञान घाटावर आहे आणि प्रश्न घाटाखाली. ही वाट एसटीने जोडली आहे, तशी ती संशोधनानेही जोडता येईल.

मित्रहो, आता दुसऱ्या रेणूकडे वळतो. सिकलसेल हा या भागातल्या आदिवासी समाजांच्या रक्तातला जुना आजार. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी त्याला ‘रेणवीय आजार’ म्हटले, आणि १९५०च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवले की हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच काय तो फरक. त्या एका बदलामुळे प्राणवायू सोडल्यानंतर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ धागे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मग हाडे ठणकतात, पंडुरोग होतो, लहान मुलांना संसर्ग होत राहतात.

या आजारावर जीन-संपादनाचा पहिला उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाला. त्यामागची कल्पना सुंदर आहे. गर्भात असताना आपले हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. जन्मानंतर ते बनवणारे जीन झाकले जाते. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून हे झाकण क्रिस्पर या जीन-संपादनाच्या तंत्राने दूर करायचे आणि पेशी परत द्यायच्या. गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागले की धागे जुळत नाहीत. भारतातल्या अनेक आदिवासी रुग्णांमध्ये हे गर्भातले हिमोग्लोबिन मुळातच थोडे जास्त टिकून राहते, आणि त्यामुळे काहींचा आजार सौम्य राहतो. निसर्गाने इथल्या रक्तात जे थोडेसे केले आहे, तेच प्रयोगशाळा मोठ्या प्रमाणावर करू पाहते आहे.

अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यात आली. पाड्यावरच्या कातकरी कुटुंबाला या आकड्याचा अर्थ सांगण्यात काही हशील नाही. म्हणून दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर आधारलेली ‘बिरसा १०१’ ही उपचारपद्धती जाहीर झाली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे तंत्रज्ञान सोपवले गेले. रुग्णांपर्यंतचा रस्ता अजून लांब आहे. पण किंमत खाली येऊ शकते, याचा पुरावा मुंबईतच आहे. रक्ताच्या कर्करोगावरचा कार-टी पेशींचा उपचार आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या साथीने घडवला. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला, आणि त्याची किंमत परदेशातल्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. तीही सामान्यांना जड आहे, हे मी विसरत नाही. तरी दिशा बरोबर आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. सिकलसेलचे धागे जुळण्याचा वेग पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि हे अवलंबन विलक्षण तीव्र आहे. अंगातले पाणी कमी झाले, पेशी थोडी जरी आटली, तरी धागे कित्येक पटींनी लवकर जुळतात आणि दुखण्याचा झटका येतो. म्हणजे सिकलसेलच्या रुग्णासाठी पाणी हे औषध आहे. आणि आपण ज्या शहापूर तालुक्यात बसलो आहोत, तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी देणारी धरणे मात्र इथेच: १८९२ पासून तानसा, पुढे मोडकसागर, आणि मग भातसा. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसातून जातो. धरणांचा हा तालुका उन्हाळ्यात कोरडा पडतो, हे आपण वर्षानुवर्षे प्रशासनाचा प्रश्न म्हणून मांडत आलो. रेणवीय जीवशास्त्र आज सांगते की तो रक्ताचाही प्रश्न आहे. वीटभट्टीवर उन्हात राबणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला दोन हंडे पाणी कमी मिळणे हा वैद्यकीय धोका आहे, आणि पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात तो तसाच नोंदवला गेला पाहिजे.

पाण्याचा विषय निघाला म्हणून मटेरियल सायन्सकडे येतो. याघींनी ज्या चौकटी घडवल्या, त्यांची रचना मांडवासारखी समजा. धातूचे अणू हे खांब, कार्बनी रेणू हे त्यांना जोडणारे वासे, आणि मध्ये सगळी मोकळी जागा. या मोकळ्या जागेमुळे काही ग्रॅम पदार्थाच्या आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. असा पदार्थ रात्री वाळवंटातल्या कोरड्या हवेतून बाष्प ओढून घेतो आणि दिवसाच्या उन्हाने ते पाणी सोडून देतो. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हा प्रयोग झाला आहे. पुण्याच्या आयसर या संस्थेतही सुजित घोष आणि रामनाथन वैद्यनाथन यांचे गट अशा सच्छिद्र पदार्थांवर दर्जेदार काम करतात.

मग हवेतून पाणी काढणारे यंत्र शहापूरला आणावे का? माझे उत्तर स्पष्ट आहे: टँकरच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. इथे वाळवंट नाही. इथे चार महिने धो धो पाऊस पडतो. बसाल्टच्या कठीण कातळात तो फारसा मुरत नाही, उतारावरून वाहून जातो, आणि उरतो तो दुसऱ्यांच्या नळाला जातो. इथल्या उपायाला साठवण, झऱ्यांचे संवर्धन आणि न्याय्य वाटप म्हणतात. एखादा शोध थोर असूनही आपल्या कामाचा नाही हे ओळखणे, हेही वैज्ञानिक दृष्टीचे लक्षण आहे. त्याच शास्त्रातल्या दुसऱ्या गोष्टी मात्र आपल्या उंबऱ्यावर आहेत. विहिरीच्या पाण्यातले जंतू वीज न लागता अडवणारी बारीक छिद्रांची पटले घ्या. गोठवून वाळवल्यामुळे भुकटीच्या रूपात शीतपेटीविना टिकणारे प्रतिविष घ्या. वीज वारंवार जाणाऱ्या उपकेंद्राला नोबेलविजेत्या चौकटीपेक्षा त्या भुकटीचा उपयोग आज जास्त आहे.

काहींना वाटेल, आपण लहान गावचे लोक, संशोधन हे मोठ्या संस्थांचे काम. महाराष्ट्राचा इतिहास तसे सांगत नाही. १९५२ मध्ये मुंबईत वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांचे रक्त कोणत्याच ज्ञात गटात बसत नाही, हे नेमके टिपले. ‘बॉम्बे रक्तगट’ जगाला कळला, आणि रक्तगट कोणत्या रेणूंमुळे ठरतात हे समजायला त्याची मोठी मदत झाली. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्ररात्र बसून पाहिले, नाडी आणि रक्तदाब नोंदवत गेले, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध विंचवाच्या विषाने उसळलेले वादळ शमवते, हे सिद्ध केले. शंभरांतले चाळीस दगावत होते, तिथे एखादाच दगावू लागला. यंत्रे महागडी नव्हती. जवळून पाहणे आणि चोख नोंद करणे, एवढ्या बळावर हे झाले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की नवा शोध पाड्यापर्यंत पोहोचावा असे वाटत असेल, तर पाड्यावरची नोंद शोधाच्या सुरुवातीलाच तिथे असली पाहिजे. इथल्या सापाचे विष, इथल्या माणसाचे रक्त, इथल्या विहिरीचे पाणी यांच्या नोंदी नसतील, तर प्रयोगशाळेत बनलेली वस्तू आपल्यासाठी बनलेलीच नसेल.

या संमेलनाने काही कामे अंगावर घ्यावीत अशी माझी विनंती आहे. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात काचेच्या नळीच्या चाचणीचा मराठी तक्ता लागावा, आणि नववी-दहावीच्या मुलांनी त्यामागचे शास्त्र वर्गात शिकावे. सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी: साप कोणता, वेळ कोणती, दवाखान्यात यायला किती तास लागले. सिकलसेलची तपासणी लग्नाआधी व्हावी, पण वाहक म्हणून कुठल्याही मुलीला हिणवले जाऊ नये. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, आणि तपासणी मुलाचीही तितकीच करायची आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसोबत त्यांचे सिकलसेलचे कार्ड आणि या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्याही जाव्यात, म्हणजे उपचारात खंड पडणार नाही. आणि संशोधनासाठी कुणाचे रक्त घ्यायचे असेल, तर संमती त्याला समजेल अशा बोलीत घ्यावी आणि निष्कर्ष त्याच्या घरी परत येऊन सांगावा. ज्याचे रक्त, त्याला उत्तर मिळण्याचा हक्क पहिला.

विज्ञानावर मराठीत लिहिणाऱ्या मित्रांना स्वतंत्रपणे सांगतो. ‘सापाच्या विषावर औषध सापडले’ असा मथळा वाचून एखादे कुटुंब निर्धास्त झाले, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते. प्रयोग कुणावर झाला, किती जणांवर झाला, कशावर लागू नाही, हे तीन तपशील बातमीत असलेच पाहिजेत. सोपे लिहा, पण सोपे करताना मर्यादा गाळू नका. आपला वाचक शेतात रोज निसर्गाशी व्यवहार करतो. त्याला पूर्ण सत्य पेलते.

सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला आहे. ही उद्दिष्टे दिल्लीत ठरली, पण ती पुरी होणार आहेत ती इथे, तुमच्या उपकेंद्रांत आणि शाळांत. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर दोन्ही तालुक्यांतल्या सर्पदंशाच्या वर्षभराच्या नोंदी मांडल्या जाव्यात, आणि त्या मांडणाऱ्यांत इथले विद्यार्थी असावेत. हे काम आजपासून सुरू करूया.